गाडीला पाणी दावणं

माझी गाडी पहिल्यांदा तापली तेव्हा तिचं कारण आटपाडीतल्या एकूण एक पुरुषाला आधीच माहीत होतं. कारण म्हणजे मी. बाईमाणसाच्या हातात गिअरची गाडी, मग ती तापणारच! चहावाला हेच म्हणाला, टायरवाला हेच म्हणाला, आणि ज्याला स्वतःच्या सायकलची उतरलेली चेन बसवता येत नाही असा आमच्या गल्लीतला एक महाभागही हेच म्हणाला. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "व्हय का? मग तुमी चालवून दावा की भिवघाटातनं." कुणी चालवून दाखवली नाही.

मी रक्त गोळा करते. एवढंच सांगितलं की लोक दचकतात, म्हणून नीट सांगते. विट्याला एक लॅब आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहापासून मी आटपाडीच्या आसपासची गावं फिरते, उपाशीपोटी थांबलेल्या पेशंटांचं रक्त काढते, नळ्या बर्फाच्या पेटीत घालते आणि भिवघाट चढून अकराच्या आत विट्याला पोचवते. अकरा म्हणजे अकरा. त्यानंतर नमुन्यांचा काही भरवसा राहत नाही. ह्या फेरीला आम्ही लाइन म्हणतो, दुधाची असते तशी. लाइन मिळायला अट एकच होती, गाडी स्वतःची हवी.

गाडी दोनशे सीसीची, काळी. रहिमतपूरच्या एका फौजीकडून घेतलेली. त्याचं पोस्टिंग लांब गेलं म्हणून त्यानं विकायला काढली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याबरोबर बघायला आले. ते स्वतः फौजेत ड्रायव्हर होते, सतरा वर्षं ट्रक चालवला. त्यांनी गाडी चालू करायला लावली, बाजूला उभं राहून डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "घे. दम हाय." आईचं मत निराळं होतं. "स्कूटी घेतली असतीस तर काय अंगाला भोकं पडली असती का?" पण आप्पा म्हणाले घे, म्हणून घेतली. पुढं दोन वर्षं मला कुणी काही बोललं की आप्पा मधे पडायचे. "माजी पोरगी हाय, माजं म्या बगतो. तुमी तुमचं बगा." सगळ्या गावात माझ्या बाजूचा असा हा एकच गडी होता.

ह्या गाडीचं इंजिन नुसत्या वाऱ्यावर गार होत नाही. पुढच्या चाकाच्या मागं जाळीचा रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातल्या बारीक नळ्यांतून फिरतं, गार होतं आणि परत आत जातं. पाणी म्हणायचं आपलं, पण ते साधं पाणी नसतं. कूलंट असतं ते, पोपटी रंगाचं, डब्यात विकत मिळतं.

त्या उन्हाळ्यात भिवघाटाच्या अर्ध्यात गाडी तापल्याचा लाल दिवा लागला. गाडी बंद केली, पेटी उचलून लिंबाच्या सावलीत ठेवली आणि अर्धा तास बसून राहिले. त्या दिवशी विट्याला पोचायला सव्वाअकरा झाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मग मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्री म्हणजे आमच्याकडचा नावाजलेला माणूस. त्यानं माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर तो आप्पांना द्यायचा, जणू मी आप्पांच्या खांद्यावरची पिशवी होते. आधी म्हणाला पंखा नीट लागत नाही. वायर बदलली आणि त्याच्या दारातच चालू ठेवून बघितली. तरी तापली. मग त्यानं इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन गरम झाल्यावर आपोआप उघडणारं नि गार असताना बंद राहणारं ते एक छोटं झाकण असतं. मी म्हटलं, "का काढला? कंपनीनं उगंच बसवलाय का?" तो आप्पांना म्हणाला, "आण्णा, ही थंड मुलकातली सोय हाय. आपल्याकडं काय कामाची न्हाई." तरी तापली. ती तिसरी वेळ, सोमवारची. त्या दिवशी पेटीत दिघंचीच्या एका म्हातारीची नळी होती. उशिरामुळं ती बाद झाली आणि त्या माउलीला पुन्हा एकदा रात्रभर उपाशी राहायला लागलं. साखरेचा पेशंट! मला इतकी लाज वाटली की तिच्या सुनेची मी फोनवर तीनतीनदा माफी मागितली.

लॅबच्या मॅनेजर सरांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, गुरुवारी अजून एकदा उशीर झाला तर लाइन दुसऱ्याला द्यावी लागेल. माणूस तयार आहे."

त्याच दुपारी मिस्त्रीनं शेवटचा निकाल दिला, तोही आप्पांनाच. "इंजिन गेलं, आण्णा. हेडचं गॅस्केट उडालंय. उतरवायला लागंल, आठ-धा दीस जातील. माजं ऐका, मोडीत घाला आन पोरीला स्कूटी घ्या."

माझ्या टाळक्यात सणक गेली. मी गाडीची किल्ली त्याच्या टेबलावरून उचलली. "मिस्त्री, रेडिएटरचं झाकण उघडून बघितलंत का?" तर म्हणतो, "बगायचं काय त्यात, अनुभव हाय." मी म्हटलं, "आमच्या लॅबमधे अनुभवावर टायफॉइड लिहून देत न्हाईत. आधी तपासतात." आणि गाडी घरी आणली.

तपासायचं म्हणजे काय, ते मला येत होतं. एकेक गोष्ट बाद करत जायची. मोबाइलवर गाडीचं पुस्तक उतरवून घेतलं आणि अंगणात पोतं अंथरून बसले. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "शाबास," म्हणाले, "ते मिस्त्रीचं ध्यान निस्तं पाना फिरवतंय."

गाडी पुरती गार होऊ दिली. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर वाफ सरळ तोंडावर येते. गॅस्केट म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पातळ चकती; ते गेलं असेल तर पाणी मिसळून ऑइल दुधाळ होतं. मी ऑइल बघितलं, काळंच होतं. सायलेन्सरातून पांढरा धूर येतो. आला नाही. झाकण उघडं ठेवून चालू केली की आत सारखे बुडबुडे येतात. डोळे फाडून बघत बसले, बुडबुडे नाहीत. म्हणजे गॅस्केट ठणठणीत होतं. अनुभव म्हणे!

पंखा गाडी तापल्यावर आपोआप लागला आणि फिरत राहिला. तोही बाद. मग गाडी बंद करून जाळीला जपून बोट लावत गेले. वरची बाजू चटके देत होती आणि मधला नि खालचा पट्टा चक्क कोमट. पंख्याचा काही दोष नव्हता, गरम पाणी त्या नळ्यांत पोचतच नव्हतं.

गार झाल्यावर रेडिएटर सोडवला. आतलं पाणी घमेल्यात ओतलं आणि माझे हात थांबले. महिन्यापूर्वी मी स्वतः पोपटी कूलंट भरलं होतं. घमेल्यात होतं ते पांढरं, स्वच्छ, विहिरीतून काढल्यासारखं. गळतं म्हणावं तर पातळी कधीच कमी झाली नव्हती. मग रंग गेला कुठं? रेडिएटर उभा धरून वरून तांब्याभर पाणी ओतलं. ते धो धो खाली यायला हवं, ते करंगळीएवढ्या धारेनं आलं. उलटा करून हलवला तर वर्तमानपत्रावर पांढऱ्या खपल्या पडल्या. अशा खपल्या मी जन्मापासून बघतेय. आंघोळीच्या बंबाच्या तळाला, चहाच्या पातेल्याला, आमच्या आटपाडीत प्रत्येक भांड्याला त्या धरतात. बोअरच्या पाण्याचा क्षार!

मी ओरडलेच. "बोअरचं पाणी घातलं कुणी ह्यात?"

ओट्यावरून आप्पा म्हणाले, "म्या."

नुसतं म्हणाले नाहीत, कौतुकानं म्हणाले. "रोज घालतो की. तू आंगुळीला जातीस तवा. दोन वर्सं झाली, गाडीला पानी दावल्याबिगर एक दीस तुला भायर जाऊ दिली न्हाई."

पाणी दावणं हा आमच्याकडचा बैलांचा शब्द. बैलाला पाणी पाजलं का असं कुणी विचारत नाही, पाणी दावलं का, असं विचारतात. कामावर जायच्या आधी जनावराला पाण्यापुढं नेऊन उभं करायचं, प्यायचं तेवढं ते पिईल. आप्पांच्या घरी लहानपणी बैल होते, मग फौजेत ट्रक आला. तिथंही सकाळी बोनेट उघडून त्यांनी पाणीच दावलं असणार. आणि मग माझी गाडी. रोज सकाळी झाकण उघडायचं, बोअरचं पाणी काठोकाठ घालायचं. गाडी तापली की जास्तीचं बाहेर सांडायचं, पोपटी पातळ व्हायचं, आणि क्षार तेवढा आत राहायचा. दोन वर्षं. मला न सांगता, कारण ह्यात सांगण्यासारखं काय आहे? पोरगी कामावर चाललीय, तिच्या जनावराला पाणी दावलं, एवढंच.

हे सगळं मला आत्ता नीट सांगता येतं. त्या वेळी मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आधी बाहेर पडला. "आप्पा, तुमी मारली माझी गाडी."

"काय म्हनलीस?"

"रोज थोडं थोडं करून मारलीत. मिस्त्री बरा, त्यानं दोनच वेळा हात लावला."

"सतरा वर्सं ट्रक चालवला म्या. एक इंजिन तापू दिलं न्हाई."

"तो ट्रक हुता. ही माझी गाडी हाय. मला इचारायचं व्हतं."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बापाशी बोलायची रीत हाय का गं ही?"

"रीत नसंल," मी म्हटलं, "पर खरं हाय."

आप्पा उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले ते जेवायच्या वेळेला, आणि माझ्याशी बोलले नाहीत. सगळं गाव माझ्याकडं बोट दाखवत होतं तेव्हा मी ताठ उभी राहिले ती आप्पांच्या जिवावर. आता त्यांनाच सांगितलं होतं की चुकलात. पण बोललेलं मागं घेतलं नाही. मागं घेतलं असतं तर त्यांनी परत तांब्या उचलला असता आणि माझी लाइन गेली असती. माया आहे म्हणून क्षार काही कमी धरत नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीनं सांगली गाठली. नवा थर्मोस्टॅट आणला, रेडिएटरचं नवं झाकण, कूलंटचे डबे. दुकानदारानं विचारलं, "मिस्त्रीनं मागवलंय का?" मी म्हटलं, "मीच मिस्त्री." त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुकाट्यानं सामान काढलं. येताना किराणा दुकानातून लिंबूसत्व घेतलं. लॅबमधे काचेच्या भांड्यांवरचा क्षार आम्ही त्यानंच काढतो.

कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून रेडिएटरमधे भरलं. आत फसफसायला लागलं. थोडा वेळ ठेवायचं, ओतायचं, साध्या पाण्यानं खळखळून धुवायचं, परत भरायचं. फार वेळ ठेवलं तर नळ्यांचंच ॲल्युमिनियम खाल्लं जाईल, म्हणून घड्याळ घेऊन बसले. पहिल्यांदा ताकासारखं गढूळ आलं, मग खपल्या आल्या, चौथ्या वेळेला पाणी धो धो खाली पडलं. मी एकटीच अंगणात "आलं रं आलं!" म्हणून ओरडले. इंजिनाच्या आतूनही तेच पाणी थोडा वेळ फिरवून काढून टाकलं. शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या बिनक्षाराच्या पाण्यानं केलं. बोअरचा एक थेंब आत ठेवायचा नव्हता मला.

बुधवारी सकाळी नवा थर्मोस्टॅट पातेल्यात घातला, गॅसवर ठेवला आणि लॅबचं थर्मामीटर आत धरलं. नवीन वस्तूचाही मला आता भरवसा नव्हता. आई म्हणाली, "दुधाचं पातेलं हाय त्ये! गाडीला आता च्या करून पाज म्हंजे झालं." ऐंशीच्या पुढं पारा गेला आणि झाकण हळूच उघडलं. गार पाण्यात टाकलं, मिटलं. आई वाकून बघत होती. "आगं बया, जितं हाय का काय!" मग परत करायला लावलं तिनं.

दुपारपर्यंत सगळं बसवलं. कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, रबरी पाइप हातानं दाबत राहिले. आत अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर येते, पातळी खाली जाते, परत भरायचं. हवा राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. बुडबुडे थांबले तेव्हा नवं झाकण लावलं आणि त्याच्यावरून तार गुंडाळून पक्कडीनं पिळली. आप्पा ओट्यावरच बसले होते, पेपर वाचत. त्यांच्यासमोर पिळली. मुद्दाम. पेपर हलला नाही. संध्याकाळी मला त्या तारेची लाज वाटली, पण सोडली नाही.

गुरुवारी सकाळी गावं उरकून घरी बर्फ बदलायला आले तर आप्पा दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्यांनी मागच्या कॅरिअरवरची पेटी सोडवली, मला हातानंच बस म्हणून खुणावलं आणि मागं बसून पेटी मांडीवर घेतली.

"आप्पा, डबलसीट नगं. घाट हाय."

"म्हनूनच," ते म्हणाले. तीन दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

भिवघाटाच्या पायथ्याला डाळिंबाच्या क्रेटनी भरलेला ट्रक पुढं आला. पहिल्या गिअरमधे घरघरत चढत होता आणि वळणं अशी की त्याच्या पुढं काढता येईना. गाडी तापवायची असेल तर ह्याहून चांगली तऱ्हा नाही. ऊन, चढ, दोन माणसं, पेटी, आणि पुढून वाऱ्याऐवजी ट्रकची गरम हवा. पंखा लागला. लिंबाचं झाड आलं, जिथं मी तीनदा बसले होते. माझी नजर दिव्यावर. माझ्या खांद्यावरून आप्पांचीही तिथंच होती. त्यांची हनुवटी मला टोचत होती. वळण गेलं, दुसरं गेलं, पंखा लागला, बंद झाला, परत लागला. दिवा लागला नाही. माथ्यावर वारा अंगावर आला तेव्हा मला कळलं की मी कधीपासून दात आवळून बसले होते.

लॅबमधे पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. बाकड्यावर पाच-सहा पेशंट बसले होते. मॅनेजर सरांनी पेटी बघितली आणि म्हणाले, "आज आलात, चांगलं झालं. पण तुमच्या गाडीचं इंजिनच गेलंय असं कानावर आलंय. मी त्या दुसऱ्या माणसाला सोमवारपासून या म्हणून सांगितलंय."

"इंजिन गेलेलं नाही, सर. रेडिएटर बुजला होता. मी काढला, धुतला, बसवला. आज घाट डबलसीट चढून आलेय."

"ते ठीक आहे. पण बुजला कशानं? परत बुजणार नाही कशावरून? कारण सांगा, मॅडम."

कारण माझ्या शेजारीच उभं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात अंगणात तोंडावर बोलले होते, पण ह्या बाकड्यासमोर, परक्या लोकांत, माझ्या बापाचं नाव मी घेणार नव्हते. गेली लाइन तर गेली. मी म्हटलं, "माझ्याच देखभालीत—"

"थांब," आप्पा म्हणाले.

त्यांनी टाचा जुळवल्या. खरंच जुळवल्या, साहेबापुढं उभं राहावं तशा. "चूक माजी हाय, सायेब. दोन वर्सं रोज सकाळी बोअरचं पानी म्या घालत हुतो. तिला ठावं नव्हतं. मिस्त्रीला घावली न्हाई ती चूक तिनं हुडकली, माज्या तोंडावर सांगितली, आन निस्तरली. आमच्याकडं फौजेत ज्यानं बिघाड हुडकला त्याच्याच हातात गाडी देत्यात. दुसऱ्याच्या न्हाई."

मॅनेजर सर म्हणाले, "बरं बरं, बाबा, बघू आपण."

तिथं मला रडायचं नव्हतं. मी आप्पांच्या हातातली पेटी घेतली, सरांच्या टेबलावर ठेवली आणि आवक वही त्यांच्यापुढं सरकवली. "बघू न्हाई, सर. घड्याळ बघा आणि सही करा."

त्यांनी घड्याळ बघितलं, सही केली, आणि माझ्या देखतच फोन उचलून त्या दुसऱ्या माणसाला सोमवारी येऊ नको म्हणून सांगितलं.